हलकी सॅक

डोंगरात जाणाऱ्या मंडळींनी आप्पांचं नाव 'अर्धंकाढे' ठेवलं होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. आप्पांबरोबर चार-पाच दिवसांच्या चढाईला निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला आप्पांच्या घरी यावं लागे. हॉलमध्ये जुनी निळी चादर अंथरलेली असे. तिच्यावर आपली सॅक उपडी करायची, सगळं सामान पसरायचं आणि मुकाट बाजूला उभं राहायचं. आप्पा हात मागे बांधून त्या पसाऱ्याभोवती एक फेरी मारत आणि म्हणत, "अर्धं काढ." समोरचा बँकेतला मोठा साहेब असो की नुकतं मिसरूड फुटलेला विद्यार्थी असो, सूट कुणालाच नव्हती. जाडजूड पुस्तकं निघत, अत्तराच्या बाटल्या निघत, एका बाईंच्या सॅकमधून तर चक्क इस्त्री निघाली होती. "वर कुणाला दाखवायच्यात घड्या?" आप्पांनी विचारलं होतं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की पुढे लग्न होऊन आलेल्या सुनेलाही ती इस्त्री आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटे.

मात्र अर्धं काढायला लावणारा हा माणूस उरलेल्या अर्ध्याच्या बाबतीत भलताच कडक होता. पावसाचं जाकीट सगळ्यात वर, हात घातला की मिळालं पाहिजे. जड वस्तू पाठीला लागून. सुती कपडा एकही नको, कारण भिजलेलं सुती अंगावर वाळत नाही आणि थंडीत माणसाला आतून खातं. टॉर्चचे सुटे सेल टॉर्चजवळ नाही, वेगळ्या पिशवीत. पायाची नखं कापलेली आहेत का हे ते वाकून बघत, आणि कोरे करकरीत बूट घालून आलेल्याला सरळ घरी पाठवत. शिट्टी गळ्यात. वाट चुकली तर हिंडायचं नाही, जिथे आहोत तिथेच बसायचं आणि थांबून थांबून शिट्टी वाजवायची. ओरडायचं तर मुळीच नाही, घसा बसतो आणि आवाज धुक्यात विरतो.

यावर त्यांचे आणखी तीन नियम होते आणि ते मोडणाऱ्याला ते पुन्हा कधी बरोबर नेत नसत. ज्याची सॅक त्याने स्वतःच्या हाताने भरायची. निघण्याआधी घरातल्या एका माणसाला वाट सांगायची, परतायचा दिवस सांगायचा, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. आणि पहिल्या थांब्यावर सॅक उघडून सगळं पुन्हा तपासायचं. काही राहिलं असेल तर तिथूनच मागे फिरायचं, लाजायचं नाही.

सुनेला डोंगराचं काडीचंही वेड नव्हतं. ती गाद्या-उशा बनवणाऱ्या कारखान्यात कापणीला होती. दिवसभर फोमचे मोठाले ठोकळे यंत्राच्या पात्याखाली सरकवायचे, केसात बारीक पांढरा भुसा घेऊन घरी यायचं आणि मग स्वयंपाक. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बापाने जन्मभर लोकांना पायी चढवलं आणि पोरगा बटण दाबून चढवतो, असं आप्पा बरे असताना म्हणत आणि आपणच मोठ्याने हसत. तो विनोदही घरात जुना झाला होता. सुनेचं आणि त्यांचं मात्र पहिल्यापासून जमलं. आप्पा निघताना वाट सांगायचे ती तिलाच. ती कणीक मळता मळता ती पाठ म्हणून दाखवायची, आणि आप्पा मान डोलवून बूट कसायला बसायचे.

मग आप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं, मग नुकतंच जेवलो हे. एका गटाला त्यांनी मधल्या पठारावर दिवसभर गोल गोल फिरवलं आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथेच आणून सोडलं. त्या गटात त्यांचाच एक जुना चेला होता. तरुणपणी तो सगळ्यात मागे चालायचा म्हणून आप्पांनी त्याचं नाव 'शेपूट' ठेवलं होतं. आता तो डोंगरात अडकलेल्यांना शोधून आणणाऱ्या पथकाचा प्रमुख होता, पण नाव तेच राहिलं होतं. त्याने आप्पांचा हात धरून त्यांना घरी आणलं, चहा घेतला आणि जिन्यात सुनेला हळूच म्हणाला, "वहिनी, आता आप्पांना पाठवू नका."

पाठवणार कोण होतं? लोक यायचे बंद झाले. पण आप्पांचं निघणं बंद झालं नाही. रोज दुपारचा चहा झाला की ते कपाटातून निळी चादर काढत, हॉलमध्ये अंथरत, माळ्यावरचं सामान मागत आणि सॅक भरायला बसत. "उद्या पहाटे निघायचंय," ते म्हणत. संध्याकाळी भरलेली सॅक दारापाशी उभी राही. रात्री सगळे झोपले की नवरा ती उपसून सामान माळ्यावर टाकी. दुसऱ्या दिवशी चहा झाला की पुन्हा चादर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अडवू नका. अडवलं की चिडतात, घाबरतात. त्यात ते शांत राहतायत ना? मग राहू द्या. तुम्हीही थोडं त्यांच्या मनासारखं करा."

मनासारखं करण्यात सुनेने काही कसूर ठेवली नाही. फक्त एकेक गोष्ट काढत गेली, आणि प्रत्येक गोष्ट काढायला तिच्याकडे चांगलं कारण होतं. आप्पांनी एकदा हॉलमध्ये चादरीवरच छोटा स्टोव्ह पेटवला, म्हणून गॅसचा डबा गेला. काडेपेटी गेली, चाकू गेला. टॉर्च रात्रभर जळत राहायचा, म्हणून सेल गेले. मग आप्पा सराव म्हणून भरलेली सॅक पाठीला लावून घरातल्या घरात फेऱ्या मारू लागले आणि एकदा न्हाणीघराच्या दाराशी पाठीवर आपटले. पाठ महिनाभर धरली होती. नवरा म्हणाला, "झालं तेवढं बस झालं. सॅकच टाकून देऊ भंगारात." तेव्हा तिनेच त्याला थांबवलं. सॅक काढून घेतली तर या माणसाकडे उरतं काय, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात काही चूक नव्हती.

कारखान्यात फोमचे कापून उरलेले तुकडे पोत्याने पडलेले असत. तिने ते आणले. तंबूच्या पिशवीत तंबूच्या जाडीचा फोम भरला. स्लीपिंग बॅगच्या पिशवीतही फोम, वरच्या तोंडाशी खऱ्या कापडाचा एक पट्टा शिवलेला, म्हणजे हाताला तेच लागेल. जाकिटाची गुंडाळी, लोकरीच्या कपड्यांची गुंडाळी, सगळं तिने जेवणानंतर मशिनवर बसून शिवलं. खाण्याचे डबे रिकामे, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. सगळ्यात शेवटी शिट्टी. आप्पा ती भर दुपारी वाजवायचे आणि खालचा लाँड्रीवाला वर यायचा. "ताई, मी गिऱ्हाईकाशी बोलू की शिट्टी ऐकू?" तो म्हणायचा. तिने फोमचा बोटभर तुकडा शिट्टीत ठासून बसवला. आप्पा फुंकत, गाल फुगत, आवाज निघत नसे, आणि ते समाधानाने शिट्टी पुन्हा शर्टात टाकत.

त्यांनी ओळखलं नाही का? सुरुवातीला तिचा जीव टांगणीला लागायचा. पहिल्या दिवशी स्लीपिंग बॅगची पिशवी हातात घेऊन ते थबकले. ती दोन्ही हातांनी जोखली, नाकाशी नेली. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग आप्पांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "हलकी झालीये," ते म्हणाले. "अर्धं काढलं की अशी होते." सगळं नीट रचून, पट्टे ओढून, पाठीला लावून ते घरभर फिरले आणि धाप न लागता परत आले. त्या रात्री तिला किती बरं वाटलं होतं. आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी काहीतरी टोचत होतं, पण दमलेल्या बाईला तळ ढवळायला वेळ कुठे असतो?

असं वर्ष गेलं. सगळं अंगवळणी पडलं. आता नवरा रात्री सॅक उपसत नसे; ती भरलेलीच दाराशी उभी राही आणि दुपारी आप्पाच ती रिकामी करून पुन्हा भरत. सकाळी नवरा लवकर बाहेर पडायचा. नंतर आप्पांना दिवसभर सांभाळायला एक मावशी यायच्या, त्या आल्या की सून कारखान्यात जायची. आप्पांना वरची कडी दिसत नसे, म्हणून दाराला वर कडी होती. मावशी येण्याच्या वेळेला ती काढून ठेवायची, नाहीतर त्या बाहेर घंटा वाजवत बसायच्या.

त्या दिवशी सकाळी ती हॉलमध्ये कारखान्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. आप्पा बूट घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. रोजच राहायचे. "सूनबाई, मी निघतोय," ते म्हणाले आणि वाट सांगितली, परतायचा दिवस सांगितला. "तोपर्यंत आलो नाही तर माणसं पाठव."

"बरं आप्पा," ती म्हणाली. कॉलरच्या आतली सुरकुती काही केल्या जात नव्हती.

आप्पा जरा वेळ थांबले. ती परत म्हणून दाखवेल याची वाट बघत असावेत. मग वळले. तिने इस्त्री बंद केली, कडी काढली आणि आंघोळीला गेली. बाहेर आली तेव्हा दार उघडं होतं, दाराशी सॅक नव्हती, आणि मावशी जिन्यातून वर येत होत्या.

"आप्पा खाली दिसले का?"

"नाही बाई. मी आत्ताच येतेय."

उरलेला दिवस कसा गेला ते ती कधी नीट सांगू शकली नाही. गल्ली, बाजार, बागेतली बाकं, दवाखाना, तिने आणि लाँड्रीवाल्याने सगळीकडे शोधलं. लाँड्रीवाल्याने दुकानाला कुलूप लावलं आणि चकार शब्द न काढता तिच्याबरोबर फिरला. नवरा काम टाकून आला. दुपारी कुठे बस डेपोत पत्ता लागला. सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरने आप्पांना शेवटच्या थांब्यावर, डोंगराच्या पायथ्याशी सोडलं होतं. तो त्यांना ओळखत होता. "मला वाटलं बरे झाले," तो म्हणाला. "बूट कसलेले, पाठीवर सॅक, ऐटीत उतरले. मला म्हणाले, संभाळून चालव."

रस्ता जिथे संपतो तिथे पत्र्याच्या छपराची एक चौकी होती. पथक तिथे जमलं होतं. बाहेर दोऱ्यांची वेटोळी, कंदील, एक घडीचं स्ट्रेचर. आत लाकडी बाक, भिंतीवर वाटांचा नकाशा आणि कोपऱ्यात उकळणारी किटली. वरचा डोंगर निम्म्यातून नाहीसा झालेला, ढग खाली उतरलेले. शेपूट नकाशापुढे उभा होता. त्याने सुनेला बसायला लावलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"घाबरू नका वहिनी. दुसरं कुणी असतं तर मीही घाबरलो असतो. पण आप्पा आहेत. सॅक पाठीवर आहे ना?"

"आहे."

"मग झालं. डोकं चालो न चालो, त्यांचे हात चुकत नाहीत. त्या सॅकमध्ये चार दिवस काढण्याइतकं सगळं असणार. ते कुठेतरी आडोसा बघून तंबू टाकतील, पांघरून पडतील. आता तासाभरात उजेड जाईल. या ढगात माझी माणसं कड्याच्या वाटेवर घालणं म्हणजे दोघातिघांचा जीव धोक्यात. पहाटे फटफटलं की निघू. सकाळी आप्पाच आपल्याला चहा पाजतील बघा."

पथकातले लोक हसले. नवऱ्याचाही जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला, त्याने भिंतीला डोकं टेकलं. सून मात्र बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

"सॅकमध्ये काही नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"फोम आहे. गादीत भरतात तो. तंबू नाही, पांघरूण नाही. सगळ्या पिशव्यांत मी फोम भरलाय."

शेपटाला कळेना. त्याने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला थोडंफार ठाऊक होतं, सगळं नव्हतं. सॅक आताशा हलकी लागते एवढंच त्याने पाहिलं होतं आणि पुढे विचारलं नव्हतं.

"वजनाने ते पडायचे," सून म्हणाली. "म्हणून."

"जाकीट?"

"फोम."

"पाणी? खायला?"

"रिकाम्या बाटल्या. रिकामे डबे."

"टॉर्च असेल."

"सेल काढलेत."

शेपूट उठून उभा राहिला. "शिट्टी तरी असेल ना गळ्यात? शिट्टी ऐकू आली तर..."

"वाजत नाही ती. वाजू नये असं मीच केलंय."

किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं. तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला शिवी द्यावी. कुणी दिली नाही. शेपटाने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, वाट कुठली सांगितली त्यांनी? आप्पा सांगितल्याशिवाय जायचे नाहीत. ओढ्याची की कड्याची?"

"सांगितली," ती म्हणाली. "मी बरं म्हटलं."

"कुठली?"

तिने डोळे मिटले. आप्पा समोर उभे होते, बूट दिसत होते, नाडीच्या दुहेरी गाठी दिसत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. आणि तिला दिसत होती ती कॉलरच्या आतली सुरकुती. वर्षभर रोज ऐकलेल्या वाटा तिच्या डोक्यात एकीत एक मिसळल्या होत्या. तिने जीव तोडून आठवायचा प्रयत्न केला. विसरायचा रोग आप्पांना होता, आणि त्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं होतं.

"नाही आठवत," ती म्हणाली आणि पहिल्यांदा रडली.

शेपटाने माणसं दोन वाटांवर वाटली आणि पहाटेची वाट न बघता सगळे निघून गेले. सून आणि तिचा नवरा चौकीत राहिले. तो तिच्याशेजारी बसला, पण तिला हात लावला नाही. रागावला होता की दुसऱ्याच कशात बुडाला होता, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढे विचारायचा धीर झाला नाही. काचेवर पाणी साचून ओघळत होतं. तिला काहीही करता येण्यासारखं नव्हतं. तिने किटलीत पाणी घातलं, ते उकळलं, पुन्हा घातलं.

अंधार पडून थोडा वेळ झाला आणि बाहेर दिव्यांची रांग दिसली. आप्पांना स्ट्रेचरवरून आणलं. अंगावर शेपटाचं जाकीट, डोक्यावर कुणाचीतरी टोपी. ओठ निळे पडले होते आणि दात एकमेकांवर आपटत होते, पण डोळे उघडे होते. पथकातल्या बाईने त्यांचे ओले कपडे काढून त्यांना पांघरुणांत गुंडाळलं, कोमट साखरपाणी चमच्याने पाजलं. तोवर शेपूट दाराशी सुनेला सांगत होता.

ओढ्याच्या वाटेवर, पहिल्या थांब्यावर सापडले. तिथे एक सपाट कातळ आहे, आप्पा सगळ्यांना तिथेच सॅक उघडायला लावायचे. तिथे बसले होते. सगळं सामान ओळीने मांडलेलं, फोमचे तुकडे पिशव्यांतून काढून, मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला. भिजून चिंब झालेले. "आम्ही खालच्या अंगाने एकदा हाका मारत पुढे गेलो होतो," शेपूट म्हणाला. "ढगात काही दिसत नव्हतं. परत येताना पायाखाली फोमचा तुकडा आला म्हणून वर पाहिलं. शिट्टी तोंडात होती वहिनी. आमच्या हाका त्यांना ऐकू येत होत्या. ते फुंकत होते." एवढं बोलून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

थरथर कमी झाल्यावर आप्पा बोलायला लागले. "माझी चूक आहे," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, सगळ्यांनाच. "सॅक नीट भरली नाही. मागे फिरायला हवं होतं, पण वाट दिसेना. मग बसलो. जागा सोडली नाही."

सून पुढे झाली आणि त्यांच्या पायाशी बसली. "आप्पा, तुमची नाही, माझी चूक आहे. तो फोम मी भरला होता. शिट्टीत पण मीच घातला."

आप्पांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ओळख लागत नव्हती हे स्पष्ट दिसत होतं, पण नजर प्रेमळ होती. "बाई, तुम्ही कशाला दुसऱ्याचं अंगावर घेता?" ते म्हणाले. "ज्याची सॅक त्याने भरायची. या हातांनी भरली मी." त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढून दाखवले. मग गळ्यातली शिट्टी ओढून काढली आणि आत आलेल्या शेपटाला बोलावून त्याच्या मुठीत ठेवली. "तू सांभाळ आता. ज्याची सॅक अशी भरते त्याच्यामागून माणसं चालवायची नसतात."

दवाखान्यात चार दिवस काढून आप्पा घरी आले. ताप उतरला, खोकला थोडा राहिला. आणि निळी चादर त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही. दुपारचा चहा झाला की ते खिडकीपाशी खुर्चीत बसत आणि हात मांडीवर उपडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहत. डॉक्टरीणबाईंना हे ऐकून बरं वाटलं. "शांत झालेत, चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तो प्रसंग त्यांना आठवतही नसेल." आणि ते खरंच होतं. डोंगर, पाऊस, कातळ, चौकी, काहीही आठवत नव्हतं. जे घडलं ते पुसलं गेलं आणि त्याची शरम तेवढी मागे राहिली.

सुनेला ते बघवेना. चूक तुमची नव्हती, असं ती रोज सांगून बघे. एका सुट्टीच्या दिवशी तिने माळ्यावर चढून सगळं खाली काढलं. खरा तंबू, खरी स्लीपिंग बॅग, जाकीट. टॉर्चमध्ये सेल घातले, सुटे वेगळ्या पिशवीत ठेवले. बाटल्या भरल्या. शेपटाकडे जाऊन ती शिट्टी मागून आणली, चिमट्याने फोम उकरून काढला आणि एकदा वाजवून पाहिली. खालून लाँड्रीवाला आला नाही. मग तिने हॉलमध्ये निळी चादर अंथरली, सगळं ओळीने मांडलं आणि आप्पांना हात धरून आणलं.

"आप्पा, उद्या पहाटे निघायचं ना? बघा, सामान बरोबर आहे का. अर्धं काढू का?"

आप्पांनी चादरीकडे पाहिलं. जाकिटाची बाही बोटांनी किंचित उचलली आणि सोडून दिली.

"मी नाही नेत आता कुणाला," ते म्हणाले.

"का बरं?"

"आठवत नाही." ते खाली बसले, चादरीच्या बाहेर, फरशीवर. "पण माझ्या हातून काहीतरी मोठी चूक झालीये. सॅकमध्ये काहीतरी राहिलं होतं." मग त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "तुला ठाऊक असेल. खरं सांग. कोण गेलं त्यात?"

"कुणी नाही गेलं आप्पा. एकही माणूस नाही. सगळे परत आले."

"सगळे?"

"सगळे. आणि चूक तुमची नव्हतीच. माझी होती. मी सांगते ना तुम्हाला, अगदी खरं सांगते."

आप्पांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला, लहान मुलीची समजूत काढावी तसा.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस," ते म्हणाले. "रोज म्हणतेस. कळतं मला."

ती त्यांच्याजवळ फरशीवर बसून राहिली. थोड्या वेळाने आप्पांनी विचारलं, "खरं सांग. कोण गेलं त्यात?" आणि तिने पुन्हा सांगितलं, कुणी नाही आप्पा, सगळे परत आले.